सुनेचा पसंतीक्रम

६ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नाही. गणिताची दोन जाडजूड पुस्तकं, कच्च्या कामाच्या वह्या, कॅल्क्युलेटर (परीक्षेत चालत नाही म्हणे, मग काढला कशाला?) आणि या सगळ्यात माझी लोणच्याची बरणी. सुनेची एमबीएची तयारी. सीईटी उन्हाळ्यात, टेबल आत्तापासून गेलं.

ईशानी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात तीन वर्षं आहे. मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा मालक म्हणाले, "बेटा, एमबीए असती तं तुलेच बसवलं असतं." बसवलं भाच्याला. त्याला काम हीच शिकवते. त्या दिवशी घरी आली, डबा घासून पालथा घातला आणि म्हणाली, "आई, मी परीक्षा देते." यांना वाटलं बँकेची.

आजचं कोडं. आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत. अ ला ब शेजारी नको, क ला ड समोर नको, ई कुठेही बसेल पण फ जवळ नाही. मी म्हटलं, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांना जेवायला बोलावलं कोणी?

"आई, आपल्याकडच्या लग्नाची पंगत समजा ना." आणि दोन मिनिटांत सगळे बसवले.

इंग्रजी माझ्याकडे. रोज संध्याकाळी एक तास. उतारा वाचून प्रश्न. चारपैकी दोन उत्तरं मला बरोबर वाटतात, पुस्तकात तिसरंच असतं. पुस्तक चूक आहे असं माझं मत. मताला गुण नाहीत.

११ जानेवारी

मोबाइलवर शिकवणारा तो मुलगा. दर वाक्याला "गाइज". शाळेतल्या सिस्टर बर्नडेटनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आज उगीच बोर्डिंगची आठवण. थंडीतली सकाळ, चॅपलच्या पायऱ्या, मेणबत्त्यांचा वास, चार रेघी वही. "नीट लिही, माल्टी. देव वाचतो." मी नीट लिहायची. अजून लिहिते. देवाचं माहीत नाही, पण किराणावाला खूश असतो.

१७ जानेवारी

फॉर्म भरायला नी. बसला. (रजा होती, नाहीतर माझा मुलगा कारखान्याच्या शिफ्टबाहेर कुठेच नसतो.) पहिलाच रकाना: नाव, दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे.

गुणपत्रिकेवर: धोटे दुर्गा पांडुरंग. आधारवर: राऊत ईशानी नीलेश.

खाली लाल अक्षरांत सूचना. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव फॉर्मशी जुळलं नाही तर आत सोडणार नाहीत.

"आधार असं काढलं कोणी?" नी. विचारतो. कोणी म्हणजे? मीच. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात हिला घेऊन गेले होते. फॉर्म माझ्या हातानं भरला, कॅपिटल अक्षरांत, एक खाडाखोड नाही. तिथला माणूस म्हणाला होता, मॅडम, असे फॉर्म आले तर आमचं काम किती सोपं होईल. दोन दिवस मी तेच सगळ्यांना सांगत होते.

नाव बदललं ते सासूबाईंमुळे. त्या दुर्गाबाई, तेव्हा हयात होत्या. एका घरात दोन दुर्गा कशा चालणार, आणि हे आईच्या नावानं हाक मारून चहा कसा मागणार? मग लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं. नाव मी निवडलं. मुलगी झाली असती तर ठेवायचं म्हणून किती वर्षं मनात जपलेलं. "अर्थ एकच आहे गं," असं तिला म्हटलं होतं. ती हसली. मला वाटलं, आवडलं.

सासूबाई वर्षभरात गेल्या. नाव राहिलं.

१९ जानेवारी

ऑनलाइन फॉर्मवाल्याचं दुकान. दोन खुर्च्या, सात माणसं. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला.

"काकू, हे कोनं केलं?"

मी पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागले.

"आडनाव बदलवलं असतं तं समजलो असतो. तुमी तं आख्खी पोरगीच बदलवून टाकली." दुकानातले सगळे हसले. ईशानीही. मी सोडून सगळे.

राजपत्रात नाव छापून आणावं लागणार. गॅझेट. त्याच्या अर्जात दोन रकाने: जुनं नाव, नवं नाव. कोणतं कुठे लिहायचं ते आम्ही ठरवायचं. जुनं दुर्गा, नवं ईशानी केलं तर आयुष्यभर प्रत्येक गुणपत्रिकेला गॅझेटची प्रत जोडत राहायचं. उलटं केलं तर आधार बदलून घ्यायचं. "दोनी चालते. पन लवकर ठरवा, बाप्पा."

घरी सांगितलं. हे म्हणाले, "त्यात ठरवाचं काय? राऊताच्या घरात आली ना?" नी. म्हणाला, "मला काहीही चालेल." या मुलाला काहीही चालतं. लहानपणी भाजी कोणती करू विचारलं तरी हेच.

ती ओट्याशी भांडी लावत होती. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

२२ जानेवारी

अर्ज मीच भरला घरी. जुनं: दुर्गा. नवं: ईशानी. स्वच्छ अक्षरात. दुकानात त्याच्या हातात दिला आणि ही मागून म्हणाली, "भाऊ, ते उलटं करा."

तो माझ्याकडे बघतो. मी हिच्याकडे. ही कागदाकडे.

"उलटं म्हन्जे?"

"जुनं ईशानी. नवं दुर्गा पांडुरंग धोटे. मले माझंच पाहिजे."

चार वर्षांत आमच्यासमोर 'मले' म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं. घरात ती मला, तुम्हाला, असंच बोलते. तेही मीच शिकवलं असणार.

परत येताना स्कूटी ती चालवत होती, मी मागे. बसस्टँडपाशी समोर बघतच म्हणाली, "आई, बारावीत गणितात तालुक्यातून पहिली आलती ती दुर्गा धोटे. ईशानीनं अजून काहीच नाही केलं. नुसता सयपाक."

आणि घराच्या वळणावर, "राग आला का?"

नाही म्हटलं. आला होता.

२३ जानेवारी

काल डोकं दुखतंय सांगून इंग्रजी घेतलं नाही. तिनं चहा आणून ठेवला. असा शहाणा चहा प्यायला नको वाटतो.

दुपारी कपाटातून जुनी पेटी काढली. वक्तृत्वात बक्षीस मिळालेलं पुस्तक, आत सिस्टरांच्या अक्षरात माझं नाव. मालती. या घरात ते कोणाला माहीत असेल? यांना कदाचित. लग्नात तशाच तांदळावर मी सुनंदा झाले आणि दुसऱ्या दिवसापासून ओ देऊ लागले. मला कोणी विचारलं नाही याचं कधी वाईटही वाटलं नाही. विचारायची गोष्ट असते हेच ठाऊक नव्हतं.

पण मला कुठे कोणती परीक्षा द्यायची होती.

संध्याकाळी सहाला टेबलाशी गेले. माझी खुर्ची मोकळीच ठेवली होती. उतारा मधमाश्यांवर. पाचपैकी चार बरोबर. तिचे. माझे तीन.

२५ जानेवारी

यांना शेवटी मीच सांगितलं. पेपर खाली ठेवला नाही.

"धोटे नावानं? लोक म्हनतीन नवरा सोडला."

"लोकांना सीईटी द्यायची नाहीये."

"नीलेश काय म्हनते?"

"त्याला काहीही चालतं."

मग पेपर खाली ठेवला. "हे पोट्टं कोनावर गेलं?" पस्तीस वर्षांत यांनी मला किती वेळा 'तू पाहून घे' म्हटलं ते मोजलं असतं तर.

१२ फेब्रुवारी

तिचे वडील मारेगावहून आले. पांडुरंगराव. नॉन-क्रीमीलेअरचा कागद तहसीलमधून काढून आणला, तीन चकरा झाल्या. सोबत पिशवीभर तुरीच्या शेंगा. सोफ्याच्या कडेवर बसतात, नेहमीच. आमच्यासमोर पोटच्या मुलीला "ईशानीबाई, हा घ्या कागद" म्हणाले. मी आज पहिल्यांदा ते ऐकलं, म्हणजे खरोखर ऐकलं.

जाताना ती फाटकापर्यंत गेली. मी शेंगा ओतायला मागच्या ओसरीत होते, तिथून ऐकू येतं.

"दुर्गे, जेवत जाय बेटा. निरी वाळून राह्यली."

"जेवतो ना बाबा."

"आन् त्या म्हाताऱ्या बाईशी भांडू नको. जीव लावते ते."

म्हातारी बाई!

३ मार्च

परवा गॅझेट आलं. बारीक अक्षरांतली एक ओळ. दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

आता आधार. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी माणूस रजेवर. आज यंत्र हिचे ठसे घेईना. रोज रुईचे नमुने चाचपून बोटं गुळगुळीत झालीत म्हणे. ओल्या फडक्यानं पुसून, दाबून, फुंकर मारून, अकराव्यांदा घेतले. मी बाजूला उभी राहून सूचना देत होते. तो माणूस म्हणाला, "मावशी, तुमी जरा बाहेर बसा."

बसले.

२० मार्च

नवं आधार आलं, फॉर्मवरच्या नावाशी जुळलं. ठीक.

यांनी आज हाक मारली, "ई..." आणि थांबले. मग, "अगं, चहा." गेला आठवडाभर 'अगं'वरच घर चाललंय. नी. तर सरळ "ऐक ना" म्हणतो. मीही या वहीत नुसतं 'ती' लिहितेय, आत्ता लक्षात आलं.

एप्रिल, परीक्षेचा दिवस

सेंटर अमरावतीला. पहाटेची एसटी, मी सोबत. फाइलमध्ये गुणपत्रिका, गॅझेट, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्याच्या दोन दोन प्रती. फाटकावरच्या माणसानं हॉल तिकीट पाहिलं, आधार पाहिलं, म्हणाला, "जा." दोन सेकंद. गॅझेटकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्याला थांबवून दाखवावंसं वाटलं.

बाहेर कडुनिंबाखाली तीन तास. बाकीच्या आया स्तोत्रं म्हणत होत्या. मी आदल्या दिवशीचा पेपर वाचला, जाहिरातींसकट.

बाहेर आली. ओढणी ओली करून तोंडावर धरली. "आई, पंगतीवाला प्रश्न आलाच नाही." इतकंच. मग उसाचा रस. मग परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर यवतमाळपर्यंत झोप. खांदा अजून दुखतोय.

निकालाचा दिवस

चांगले मार्क. फार चांगले. मी तिला "दुर्गा" म्हटलं, ओरडूनच, स्वयंपाकघरातून. यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, बघितलं, परत वाढवला. म्हणजे झालं.

जिनिंगच्या मालकांनी पेढे खाल्ले. भाच्याचं काम अजून हिच्याचकडे.

२१ जुलै

कॉलेजांचे फॉर्म. पसंतीक्रम भरायचा, उद्या शेवटचा दिवस. आज संध्याकाळी सगळे टेबलाशी. कोणाला कुठे बसायचंय ते त्या कोड्यातल्या आठ जणांना सोपं होतं.

हे: "यवतमाळातच पाहा. घरून जाता येते."

नी.: "नागपूर बरं. शनिवार-रविवार घरी." हे त्याचं या वर्षातलं सर्वांत मोठं वाक्य.

दुर्गानं लॅपटॉप उघडला तर पुण्याच्या एका कॉलेजाचं पान आपोआप वर आलं. इतक्या वेळा पाहिलेलं.

"पुनं!" हे. "कायले? नागपूर काय बंद पडलं?"

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, अहो, पुण्याचं लागणार थोडंच आहे. राज्यभरातली पोरं तिथंच टाकतात. पहिल्या नंबरावर शोभेला राहू द्या, तिच्या मनाला बरं. दुसरं नागपूर टाका, लागणार तेच.

"खरंच लागत नाही ना?"

"नाही हो."

हे तयार. नी.ला काय, चालेल. तिनं माझ्याकडे बघितलं. "आई, खरंच टाकू?"

"टाक गं."

स्वतःवर खूश होते मी आज. एक भांडण वाचवलं म्हणून.

२ ऑगस्ट

पुणं लागलं.

पहिल्या फेरीत, पहिली पसंती.

ती अंगणात गेली आणि उभीच राहिली. मी मागून गेले तर रडत नव्हती, हसत नव्हती. "आई, लागलं."

मी म्हटलं, मग काय, पुढच्या फेरीत नागपूर घेऊ. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. नियम. पहिली पसंती मिळाली तर तीच घ्यायची. नाही घेतली तर पुढच्या कोणत्याही फेरीत नाव नाही. म्हणजे नागपूरही नाही. मुदत परवा संध्याकाळी पाच.

हे सगळं फॉर्म भरला त्या दिवशीही तिथं होतं. स्वच्छ, सोप्या इंग्रजीत. घरात इंग्रजी माझ्याकडे. मी वाचलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो." मोबाइल खाली करत, "मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे. म्हणूनच म्हणताय टाक."

मी दोरीवरचे कपडे काढायला घेतले.

३ ऑगस्ट

हे: "तूच म्हनत होती लागत नाही म्हनून." सकाळपासून चौथ्यांदा. मी पोळ्या जाळल्या. दोन मुद्दाम.

नी. शिफ्टवरून आला, सांगितलं. "मला काहीही चालेल." मग ताट घेऊन उभ्यानंच जेवला. वरणाकडे बघत म्हणाला, "दोन वर्षं?"

"महिन्यातून एकदा येईन," दुर्गा.

"हं."

ताट धुऊन ठेवलं. आजवर कधी धुतलं नव्हतं. मला प्रथमच वाटलं, याला काहीही चालत नाही. याला बोलता येत नाही. हेही मीच शिकवलं की शिकवायचं राहिलं, कोण जाणे.

वैताग आलाय मला. यांचा, नी.चा, त्या नियमांचा, आणि हो, तिचाही. सरळ म्हणत का नाही, मी जाते? तोंड मिटून बघत बसते सगळ्यांकडे. मग वाटतं, एकदा बोलली होती ती, त्या दुकानात. तेव्हा मी दिवसभर डोकं धरून बसले होते.

ती गेली तर संध्याकाळी सहाला मी काय करणार?

हे लिहायला नको होतं. राहू दे.

४ ऑगस्ट

सकाळी यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला मध्ये न घेता, पहिल्यांदाच. "बाबा, मी पुण्याला जाऊ म्हणते."

हे दाढी करत होते. आरशातून म्हणाले, "उद्या बोलू."

"बाबा, मुदत आज पाचला आहे."

"मंग आल्यावर बोलू." आणि आर्णीला कोणाच्या तरी तेरवीला निघून गेले. फोन घरीच. विसरले की ठेवला, विचारणार कोणाला? सहाच्या आधी येत नाहीत.

नी. शिफ्टवर. दोनदा लावला. आत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेतीनला त्याचा मेसेज आला, तिला. मला दाखवला तिनं. "तुला काय पाहिजे ते कर. मी खरंच सांगतोय." खरंच, असं त्यानं लिहिलंय. तिनं तो तीनदा वाचला, पण चेहऱ्यावरून कळेना की खरं वाटलं की नाही.

आत्ता चार वाजून दहा मिनिटं. ती टेबलाशी बसलीय, लॅपटॉप उघडून. पानावर दोनच चौकोन आहेत: स्वीकारते, नाकारते. मघाशी विचारलं, "आई, तुम्ही बसता का इथं?" मी म्हटलं, आले, आणि वही घेऊन इकडे ओसरीत आले. मुद्दाम. मी समोर बसले की ती माझ्याकडे बघणार. बघून ठरवणार. हिची ती सवय मला माहीत आहे, चार वर्षं मीच तिचा फायदा घेतला. आणि आज माझ्या चेहऱ्यावर नेमकं काय आहे ते मलाच ठाऊक नाही. जा म्हणते का, राहा म्हणते.

चार वीस. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फ्रिज उघडला. पाणी पीत असेल. परत बसली.

"आई?"

"बोल, ऐकतेय मी," म्हटलं. उठले नाही.

आत क्लिकचा आवाज आला. एकदाच.